पाहुण्यांसाठी झाडलेला उकिरडा

सदर व्यक्ती स्त्री असून तिचे वय बेचाळीस वर्षे पूर्ण आहे. शैक्षणिक अर्हता : पुरातत्त्वशास्त्र विषयातील पदव्युत्तर पदवी, द्वितीय श्रेणी. सध्या ती वस्तुसंग्रहालयाच्या साठवण विभागात तांत्रिक साहाय्यक या पदावर कार्यरत असून, उत्खननांतून प्राप्त होणाऱ्या मृत्पात्र-अवशेषांचे निर्मलीकरण, क्रमांकन व यथोचित संचयन ही तिची कर्तव्ये होत. वर्तणूक समाधानकारक. वैवाहिक स्थिती : विवाहित, तीही समाधानकारक. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या तर्जनीवर न निघणारा शाईचा डाग. थोडक्यात, ती फुटकी मडकी घासते.

हे तिच्या सासूबाईंच्या लक्षात यायला लग्नानंतर फार वेळ लागला नाही. ‘घरातली धड भांडी सिंकमध्ये पडलीत,’ त्या शेजारणीला सांगत, ‘आणि आमची सून बसचं तिकीट काढून फुटकी घासायला जाते.’ यात राग नव्हता. मोठ्या कष्टाने जुळवलेलं वाक्य होतं आणि ते वाया जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा असे.

साठवण विभाग तळघरात होता. तिथल्या एकुलत्या एका खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे पाय तेवढे दिसत, आणि वर्षानुवर्षं तेच पाहत आल्यामुळे तिला शहरातली बरीच माणसं चपलांवरून ओळखू येत. टेबलावर पाण्याचा टब, झिजलेले टूथब्रश, वाळत घातलेल्या खापरांचे ट्रे आणि बारीक निबाचं पेन. खापर धुवायचं, वाळवायचं, आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेत नंबर घालायचा, पेटीत ठेवायचं. हे पाहून तिथल्या पहारेकऱ्याने तिचं नाव ‘खापरी’ ठेवलं. ते नाव तिच्या घरापर्यंत कसं पोहोचलं याचा तपास लागलेला नाही. नवऱ्यावर संशय आहे.

पेट्यांमध्ये बऱ्याचशा उत्तरेकडच्या होत्या. तिकडच्या डोंगराळ भागात फार पूर्वी एक जुनी वस्ती खणून काढली होती, आणि तिथल्या घराघरांच्या पेट्यांवर खणणाऱ्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या : ‘मधली खोली. जमीन स्वच्छ. विशेष काही नाही.’ पुढच्या घराचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही. वस्तीच्या बाहेर मात्र खापरांचा एक प्रचंड ढीग, त्याच्याच पेट्यांनी दोन भिंती भरलेल्या. खापरीला हे पटत नसे. तिची आई उत्तरेकडच्याच गावातली. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने मामाकडे काढल्या होत्या, आणि मामीच्या घरात ‘विशेष काही नाही’ अशी वीतभर जागाही तिला आठवत नव्हती. माणसं राहिली आणि मागे काही सांडलं नाही, असं कसं होईल?

अशा शंकांसाठी विद्यापीठात एक अख्खा विषय आहे, लोकपुरातत्त्व. जिवंत माणसं वस्तू कुठे ठेवतात, कशी मोडतात आणि कुठे टाकतात ते बघायचं, आणि त्यावरून मेलेल्या माणसांनी टाकलेल्या वस्तूंचा अर्थ लावायचा. शास्त्र सभ्य आहे. फक्त दुसऱ्याच्या केरात डोकवावं लागतं.

या विषयात पीएच.डी. करायची हे तिच्या डोक्यात कधीचं होतं. तिने पूर्वी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा निवड समितीने सांगितलं, विषय फार व्यापक आहे. तिने तो छाटला. दुसऱ्यांदा सांगितलं, विषय फार मर्यादित आहे. त्यानंतर ‘उत्तरेकडील ग्रामीण समुदायांमधील लोकपुरातत्त्वीय संशोधनासाठी’ एक जागा निघाली, विद्यावेतनासकट, आणि खापरीने ती जाहिरात तळघरात उभ्याने वाचली. पुढच्या वर्षी ती वयोमर्यादा ओलांडणार होती. त्यासाठी तिला काही करावंही लागणार नव्हतं. नुसती बसून राहिली असती तरी ओलांडली गेली असती.

‘अहो, जागा निघाली आहे,’ तिने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. ‘कुठल्या गाडीत?’

‘विद्यापीठात.’

‘हं.’ त्याने पाणी प्यायलं. ‘पीएच.डी. झाल्यावर धड मडकी मिळतात का?’

‘नाही, फुटकीच. पण ती तिथे का पडली ते मला सांगता येईल.’

‘मग कर. आमच्याकडे पण गाडी का बंद पडली हे सांगणाऱ्याला खुर्ची असते. चालू करणारा गाडीखालीच असतो.’

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. ‘या वयात शाळा?’

‘शाळा नाही हो आई, संशोधन.’

‘कशावर?’

‘उकिरड्यावर.’

सासूबाईंनी वाटी परत उचलली. मग म्हणाल्या, ‘कुणी विचारलं तर मी इतिहास म्हणून सांगेन.’

चाळणी लागत लागत शेवटी दोघंच उरले. एक खापरी आणि दुसरा तिच्याहून कितीतरी लहान, हसतमुख मुलगा, ज्याच्याकडे स्वतःचा ड्रोन होता. तो अख्खं गाव वरून दाखवणार होता. समितीने ठरवलं की दोघांची कामाची जागा प्रत्यक्ष बघायची आणि मग एकाला घ्यायचं.

खापरीची जागा म्हणजे मामाच्या घरामागचा उकिरडा.

हा उकिरडा साधासुधा नव्हता. आसपासच्या घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला होता. एका बाजूने पाण्याच्या लोंढ्याने तो कापला गेला होता, त्यामुळे केक कापल्यासारखे त्याचे थर दिसत. वर प्लास्टिक, त्याखाली पत्रा आणि चिनी मातीच्या बशा, त्याच्याखाली नुसती राख, हाडं आणि मातीची भांडी. कोणतं घर कुठल्या बाजूने टाकतं, राख ओली टाकतात की कोरडी, शेळीचं हाड कुठे जातं आणि फुटकी कपबशी कुठे, सगळं त्यात होतं. उन्हाळ्याची सगळी रजा तिने तिथे दोरी आणि टेप घेऊन घालवली.

मामा मेंढ्या राखायचा. कुंपणाला टेकून तो तिच्याकडे बघत राहायचा, माणूस आजारी जनावराकडे बघतो तसा. ‘अगं, तुला बघायला दुसरं काही मिळालं नाही का? डोंगर आहे, तळं आहे.’

‘मामा, डोंगर तुम्ही केलेला नाही. हा केलाय.’

‘म्हणजे आता हेही आमच्या नावावर.’

‘लग्नाआधी किती चांगली होती हो ही,’ मामी आतून म्हणाली.

शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर राहत असे. गावातलं कुठलंही काम तो ताब्यात घ्यायचा आणि माणसांना पुढे सरकवायचा. ती सवय नोकरीतली. बाकी गावाला तिच्या कामाचं कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. आपल्या भाचीच्या वाट्याला हे काय आलं, असं सगळ्यांना वाटे.

निघायच्या दिवशी खापरीने अंगणात सगळ्यांना समजावून सांगितलं. ती तीन वाक्यं बोलली. एक, विद्यापीठातली मोठी माणसं हे बघायला येणार आहेत. दोन, माझं सगळं यावर अवलंबून आहे. तीन, कृपा करून काही म्हणजे काही करू नका, आहे तसंच राहू द्या.

पहिली दोन वाक्यं गावाने मनावर घेतली. तिसरं ऐकून सगळे समजूतदारपणे हसले. माहेरवाशीण ‘माझ्यासाठी काही करू नका’ म्हणते तेव्हा काय करायचं असतं, हे काय कुणी सांगायला हवं होतं?

*

समिती म्हणजे दोनच माणसं. एक विभागप्रमुख मॅडम, ज्या अर्ध्या वाक्यात बोलत आणि उरलेलं अर्धं समोरच्याला पुरं करू देत. दुसरे बाहेरचे तज्ज्ञ, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत. उत्तरेची ती जुनी वस्ती यांनीच खणली होती. ‘जमीन स्वच्छ, विशेष काही नाही’ हे अक्षर यांचंच. खापरीने आयुष्याचा मोठा भाग त्यांची खापरं धुण्यात घालवला होता, आणि सरांनी तिला आज पहिल्यांदा पाहिलं. जीपमध्ये ते बहुतेक वेळ झोपले होते.

‘उकिरड्याचा कापलेला भाग पूर्वेला आहे,’ खापरी सांगत होती. ‘सकाळच्या उजेडात थर स्पष्ट दिसतात.’

‘ड्रोनवाल्याकडे आम्ही परवा...’ मॅडम म्हणाल्या.

‘हो का. कसं होतं?’

‘वरून सगळंच...’

‘छान दिसतं,’ खापरीने वाक्य पुरं केलं.

गावाच्या तोंडाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना लावलेला होता. हे उन्हाळ्यात नव्हतं. खापरी सीटवर पुढे सरकली. पुढे घरांच्या पायऱ्या धुतलेल्या, दारं पुसलेली, एका शेळीच्या गळ्यात नवी दोरी. कंडक्टर इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभा होता आणि जीपला हाताने ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होता.

मामाच्या घरामागे त्यांना तोच घेऊन गेला. तिथे सपाट, झाडलेली, पाणी मारून दाबलेली जमीन होती. मधोमध एक बाक ठेवलेला होता. बाकावर दोन उशा.

‘बसा साहेब,’ कंडक्टर म्हणाला. ‘आधी इथे फार घाण होती.’

सर खरंच बसले. मॅडमनी खापरीकडे पाहिलं आणि या वेळी अर्धं वाक्यसुद्धा बोलल्या नाहीत.

खापरी मामाकडे वळली. मामाच्या तोंडावर, वाढदिवसाची भेट देऊन ती उघडायची वाट बघणाऱ्या माणसाचा आनंद होता. तो हळूहळू उतरला. ‘काय झालं?’

‘मामा, उकिरडा कुठे गेला?’

‘नेला ना. ट्रॅक्टर लावला. अख्खं गाव राबलं गं.’

‘मी सांगितलं होतं राहू द्या म्हणून.’

‘तू सांगणारच,’ मामी मध्येच म्हणाली. ‘तू घरची. पण बाहेरचे लोक यायचे आणि आमच्या पोरीने त्यांना काय दाखवायचं, तर आमची घाण? तुझ्या आईने वरून बघून काय म्हटलं असतं?’

खापरीला काहीतरी तिखट बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण मामीच्या हातांकडे लक्ष गेलं. चुन्याने बोटं उलली होती. या बाईने तिच्यासाठी एवढं केलं होतं की तिचं आयुष्यच झाडून नेलं होतं. ती पायरीवर बसली. डोक्यात एकच हिशेब चालू होता : पुढच्या वर्षी वय संपलं, ड्रोनवाला हसतमुख आहे, तळघराची खिडकी तिथेच आहे.

कंडक्टरला परिस्थितीचा अंदाज आला. गाडी चुकीच्या फाट्याला लागली की त्याला कळायचं. तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, ‘ताई, ट्रॅक्टर अजून आहे. उद्या दुपारपर्यंत होता तसा परत रचून देतो. कुठे काय होतं, तुम्ही उभं राहून सांगा.’

‘रचून?’

‘राख खाली, प्लास्टिक वर. हाडं हवी तर मधे.’

बाकावरून सरांचा आवाज आला. ‘चांगली ऑफर आहे. मी काही नामांकित संग्रहालयं पाहिली आहेत, तिथे असंच केलेलं आहे.’

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. ‘तर मग आपण...’

आपण निघू या, असं ते वाक्य होतं. ते पुरं करायचं खापरीने टाळलं. तिने मामीलाच विचारलं, आणि विचारताना तिच्या मनात कुठलंही शास्त्र नव्हतं, फक्त आपलं हरवलेलं सामान शोधणाऱ्या माणसाची चौकशी होती. ‘मामी, कुठे टाकलं गं सगळं?’

‘घळीत.’

‘सगळंच?’

‘सगळंच,’ मामी म्हणाली, आणि जरा जास्तच लवकर म्हणाली.

खापरी उठली. मामीचं लवकर बोलणं ती लहानपणापासून ओळखत होती. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याखालचा पडदा बाजूला केला. तिथे फुटक्या जात्याची अर्धी तळी होती. बूड गेलेली चाळण होती. कान तुटलेला हंडा, कोकराला दूध पाजायची जुनी बाटली. उन्हाळ्यात यातल्या प्रत्येक वस्तूला तिने उकिरड्यावर नंबर दिला होता. जात्यावर तो अजून होता.

‘हे कशाला परत आणलंस?’

‘लागतं कधीतरी.’

‘मामी, हे तूच टाकलं होतंस.’

‘उकिरड्यावर होतं म्हणजे आपल्यातच होतं ना,’ मामी चिडून म्हणाली. ‘घळीत गेलं की गेलं. अर्धं जातं दार अडवायला चांगलं. तुला नाही कळायचं, तुम्ही शहरात सगळं विकत घेता.’

खापरी परत आली ती वेगळ्या चालीने. मॅडमना म्हणाली, ‘मला तासभर द्या. घळीपर्यंत चाला माझ्याबरोबर. नंतर निघू.’

घळीचा रस्ता मेंढ्यांचा होता, म्हणजे रस्ता नव्हता. कंडक्टर पुढे, त्यामागे बाकीचे, आणि सर्वांत शेवटी सर, जे दगडांशी जुनी ओळख असल्यासारखे आरामात येत होते. घळीच्या तोंडाशी ट्रॅक्टरने केलेला ढीग होता. सगळे थर एकत्र कालवलेले. प्लास्टिकच्या पोटात राख, राखेत पत्रा. मॅडमनी तो पाहिला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. ढिगात बघण्यासारखं खरोखरच काही नव्हतं.

खापरी ढिगाजवळ थांबलीच नाही. उकिरड्यावरच्या बऱ्याच गोष्टी त्यात नव्हत्या, हे तिला लांबूनच दिसलं. उन्हाळ्यात मोजलेल्या दारूच्या बाटल्या नव्हत्या. औषधांच्या पट्ट्या नव्हत्या. कुणाची तरी कवळी होती, तीही नव्हती. ‘कंडक्टरकाका, बाटल्या कुठल्या खेपेत आणल्या?’

‘बाटल्या नव्हत्याच,’ कंडक्टर सरकारी चेहरा करून म्हणाला.

‘मी मोजल्या होत्या.’

‘मग त्या ट्रॅक्टर यायच्या आधीच गेल्या असतील.’ त्याने मामाकडे पाहिलं. मामाने मेंढ्यांकडे पाहिलं. मेंढ्या तिथे नव्हत्या.

घळीच्या वळणापलीकडे, जिथे गावातून कुणाची नजर पोहोचत नाही, तिथे त्या सापडल्या. एकत्र नाही. प्रत्येक घराने आपापल्या वेगळ्या, एकमेकांपासून नीट अंतर राखून ठेवल्या होत्या. एका खडकामागे बाटल्या, एका झुडपाखाली औषधं, कवळी तर अगदी टोकाला, दगडाखाली पुरलेली. कंडक्टरने त्या दगडाकडे पाहायचं टाळलं आणि तोंड मिटून घेतलं, त्यामुळे तिचा मालक कोण ते सगळ्यांना कळलं.

परतीच्या वाटेवर तिने सरांना ढिगाची गावाकडची बाजू दाखवली. तिथे, वरच्या अंगाला, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसाव्यात अशा, चांगल्या चिनी मातीच्या फुटक्या बशा होत्या. निळ्या फुलांच्या.

‘या कुणी ठेवल्या?’ मॅडमनी विचारलं. पूर्ण वाक्य होतं.

‘ठेवल्या नाहीत,’ मामी म्हणाली. ‘टाकल्या. पण लोकांना कळायला हवं की आमच्याकडे अशा बशा होत्या.’

सर खाली बसले. त्यांनी बशीचा तुकडा उलटा केला, आतून पाहिला, सवयीने. मग म्हणाले, ‘शास्त्रीयदृष्ट्या हे सगळं दूषित आहे. तुमची जागा गेली. आपण येणार म्हणून हे झालं, एरवी झालं नसतं.’

‘बरोबर आहे, सर,’ खापरी म्हणाली. ‘पण पाहुणे येणार म्हणून घर झाडणारे हेच पहिले आहेत का? मी उन्हाळाभर बघत होते की माणसं रोज कुठे टाकतात. एखाद्या दिवशी माणसं सगळं आवरतात, तेव्हा काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. इथे गावाने एका आठवड्यात आपला सगळा कचरा निवडून ठेवला आहे. लागेल ते जिन्याखाली. मिरवायचं ते रस्त्याकडे. नुसता केर मधे. आणि लाज वाटते ते वळणापलीकडे, जितकी लाज तितकं लांब. हे कुणी ठरवलं नाही. कंडक्टरकाकांनीसुद्धा नाही.’

‘मी फक्त पुढे सरका म्हटलं,’ कंडक्टर म्हणाला.

‘तुमच्या वस्तीत, सर, घरं स्वच्छ आहेत आणि बाहेर ढीग आहे. त्या ढिगातली खापरं मी धुतली. एकाच मडक्याचे तुकडे लांबलांबच्या जागांच्या पेट्यांत निघतात.’

‘ते पुराने गेले, असं मी लिहिलं आहे.’

‘हो. मी वाचलंय.’

‘आणि तुम्हाला वाटतं, त्यांच्याकडे पाहुणे आले होते.’

‘मला माहीत नाही. मला ते बघायचंय.’

सरांनी तुकडा होता तिथेच, होता तसाच परत ठेवला, बोटाने खालची राख सारखी केली. ‘पूरच होता,’ ते म्हणाले. ‘माझी खात्री आहे. पण पुराविरुद्ध कुणी इतक्या वर्षांत धड भांडलं नाही, त्यामुळे ते काम जरा ओसाड पडलंय.’ ते मॅडमकडे वळले. ‘वादविवादाला तीन-चार वर्षं पुरतील ना?’

‘विद्यावेतन तेवढंच...’ मॅडम म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये कुणी झोपलं नाही. सर आणि खापरी शहराची हद्द लागेपर्यंत पुरावरून भांडत होते. मॅडम मध्ये बसल्या होत्या आणि दोन्हीकडची वाक्यं त्यांना आयती पुरी मिळत होती.

*

निकाल फोनवर आला. खापरी तळघरात होती, हात पाण्यात. मॅडमनी सांगितलं की ड्रोनवाल्याला दुसऱ्या विभागाने घेतलं आहे, तिथे वरून बघायचं बरंच काम आहे, आणि ही जागा तुमची. सुधारित विषय पुढीलप्रमाणे मंजूर झाला आहे : ‘उत्तरेकडील ग्रामीण वस्त्यांमधील आगंतुकपूर्व स्वच्छता, त्याज्य वस्तूंचे श्रेणीबद्ध स्थलांतर आणि त्यांचा पुरातत्त्वीय अन्वयार्थ.’ खापरीने ओल्या हातानेच खुर्ची ओढली आणि बसली. खिडकीतून कुणाच्या तरी तपकिरी सँडल गेल्या. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, आज उशीर झालेला दिसतोय, असं तिच्या मनात आलं आणि मग रडू आलं.

घरी नवऱ्याने विचारलं, ‘म्हणजे थोडक्यात काय?’

‘पाहुणे येणार म्हटल्यावर माणसं पसारा कुठे लपवतात ते.’

‘ते तर आईच्या पलंगाखाली.’

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. ‘तिथे बघायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘उत्तरेलाच बघ.’ आणि जरा थांबून, ‘शेजारी मी सांगून आले आहे. इतिहास म्हटलं नाही. जे आहे तेच सांगितलं. त्यांचा पुतण्या तीनदा नापास झालाय, मग मला काय लाज.’

हिवाळा लागताना ती मामाकडे राहायला गेली. मेंढ्यांच्या गोठ्यावरची खोली तिला मिळाली. खालून ऊब येई आणि त्याबरोबर बाकीचंही येई. मॅडमनी एकच सूचना दिली होती, पाहुणी राहू नका. सूचना सोपी होती, पण ती गावाला देता येत नव्हती.

पहिल्या काही दिवसांत तिला काहीच मिळालं नाही. गाव आता हुशार झालं होतं. हिला कचरा लागतो हे सगळ्यांना कळल्यामुळे जो तो उत्तम कचरा घेऊन यायचा. कंडक्टर शेजारच्या गावातून एक फुटका रांजण मुद्दाम मागून घेऊन आला आणि ‘हा कुठे ठेवू, तुमच्या अभ्यासाला बरा पडेल’ म्हणून दारात उभा राहिला. बायका हाडं धुऊन आणायच्या. मामा तर राखेचं घमेलं घेऊन बाहेर यायचा, ती पायरीवर बसलेली दिसली की आत परत जायचा आणि पुढच्या दाराने, लांबचा वळसा घालून, शेजाऱ्यांच्या हद्दीत टाकून यायचा. शेजारी तक्रार करायचे, पण तिच्यासमोर नाही.

‘मामा, मी घरचीच आहे ना?’ तिने एकदा विचारलं.

‘आहेस ना.’

‘मग माझ्यासमोर टाक की.’

‘टाकेन,’ मामा म्हणाला. ‘तू बघत नसलीस की टाकेन.’

तिने मग बघणं सोडून दिलं. मामीबरोबर लोकर विंचरायला बसली, मेंढ्यांना चारा घातला. सकाळी गोठा झाडायला तिची पाळी लागली. ती उशिरा उठली की मामी शिव्या घालू लागली, मग तीही मामीच्या शिव्यांना उत्तरं देऊ लागली. एकदा तर तिच्या हातून निळ्या फुलांची शेवटची बशी फुटली, आणि मामी तिच्याशी दोन दिवस धड बोलली नाही. टेप खोलीतच पडून राहिला. सरांचं पत्र आलं, त्यात पुराचे चार नवे पुरावे होते. तिने ते उशीखाली ठेवलं, उत्तर द्यायला अजून काही नव्हतं.

मग एका सकाळी ती पायरीवर बसून बूट घालत होती. पाठीमागचं दार उघडलं. मामा घमेलं घेऊन बाहेर आला, ‘सरक जरा’ म्हणाला, तिच्या डोक्यावरून हात लांब करून राख डाव्या हाताला, वारा जाईल त्या बाजूला टाकली, घमेल्याच्या बुडावर दोन थापा मारल्या आणि आत गेला.